मिरगाआधी डबे भरताना

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघं एप्रिलमध्ये बदली होऊन सोलापूरहून मालवणला आलो. भाड्याच्या दोन खोल्या, लहान फ्रिज, दोघंही संध्याकाळी साडेसहाला घरी येतो. घरात मासे-मटण करत नाही, महिन्यातून एखादेवेळी बाहेर खातो. शेजारी म्हणतात, पावसाआधी बेगमी करून ठेवा. नेमकं काय आणि किती भरावं, म्हणजे रात्रीचं जेवण अर्ध्या तासात होईल? सोबत आमची यादी जोडते आहे."

ताई, यादी वाचली. अकरा कडधान्यं, सहा डाळी, वीस किलो गहू, आणि अगदी शेवटी "कोकम – थोडं". त्या "थोडं" वरच माझं बोट अडलं. मी कुडाळजवळ २६ वर्षं खानावळ चालवते. दुपारी चाळीसेक पानं उठतात, त्यातली निम्मी शिवराक, म्हणजे बिनमासे-मटणाची, श्रावणात तर जवळजवळ सगळीच. एवढ्या वर्षांत घाटावरून नवीन आलेली जी जी माणसं पाहिली, त्यांची यादी अशीच उलटी असते. कडधान्यं ढीगभर आणि त्यांना चव देणारं काहीच नाही. मग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तोंडाला चव नाही म्हणून बाहेरून मागवणं सुरू होतं.

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "आधी आंबट काय आसा ता बघ, मगे डाळ शिजय." मी लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. पण किनारपट्टीवरचं बिनमाशाचं जेवण खरोखर असंच चालतं. तीच मुगाची उसळ आमसूल घालून एक लागते, खारातली कैरी घालून दुसरी, चिंच-गुळाची तिसरी. अकरा कडधान्यांपेक्षा पाच कडधान्यं आणि चार आंबटं घरात असली तर पानात जास्त फरक पडतो, आणि डबेही कमी लागतात.

तेव्हा सुरुवात आंबटापासून करू.

कोकमाचा हंगाम एप्रिल ते जूनची सुरुवात, म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर आला आहात. फळ फोडून साल वेगळी करतात, मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवतात, उन्हात वाळवतात, परत बुडवतात, परत वाळवतात. अशी जितकी पुटं द्याल तितकं आमसूल चांगलं. बाजारात घेताना चिमटीत धरून बघा. चांगलं आमसूल मऊ, थोडं चिकट आणि जांभळट काळं असतं, बोटाला रंग लागतो. कडकडीत वाळलेलं, कोळशासारखं काळं दिसणारं गेल्या साली उरलेलं असण्याची शक्यता जास्त. एक तुकडा जिभेवर ठेवा: आधी मीठ, मग आंबट, शेवटी किंचित गोडसर लागायला हवं. नुसतं मीठच लागलं तर पुटं कमी आणि मीठ भरपूर, वजन वाढवायला. दोघांना वर्षाला एक किलो पुरतं. तुम्हाला आवडलं तर दीड घ्या, वाया जात नाही. ठेवायचं ते काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत. स्टीलच्या डब्यात मुळीच नको, मीठ-आंबट मिळून डब्याला डाग पाडतात. पावसाळ्यात मिठामुळे आमसुलाला पाणी सुटतं, त्याने घाबरू नका.

आगळ आणि कोकम सरबत यांत गोंधळ करू नका. सरबताचा अर्क साखरेचा, पाहुण्यांसाठी. आगळ म्हणजे कोकमाचा रस आणि मीठ, बाकी काही नाही. दोन बाटल्या घेऊन ठेवा. सोलकढी त्याची होतेच, पण थकून आल्यावर नारळाचं दूध काढायचा कंटाळा येतो. अशा वेळी फुटी कढी करा: दोन पेले पाण्यात तीन-चार चमचे आगळ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, चिमूटभर साखर, वर तेलात जिरं-हिंगाची फोडणी. गॅसवर फक्त फोडणीच होते. आगळात मीठ भरपूर असतं, म्हणून कढीत वेगळं मीठ चव बघितल्याशिवाय घालू नका. ही चूक प्रत्येक जण एकदा करतो.

तिसरं आंबट खारातल्या कैऱ्यांचं. मे महिन्यात वाऱ्याने पडलेल्या लहान कैऱ्या स्वस्त मिळतात. त्या पुसून कोरड्या करून बरणीत भरायच्या, उकळून पूर्ण गार केलेलं खारट पाणी कैऱ्या बुडेपर्यंत ओतायचं, वर वजन ठेवायचं. महिन्याभराने एक कैरी काढून तुरीच्या आमटीत चिरून टाका. कैऱ्या वाळवून केलेली आंबोशी मिळाली तर पाव किलो तीही घ्या. चौथी चिंच, ती तुमच्याकडेही असतेच. नवी चिंच चिंचोके काढून, मीठ चोळून, गोळे करून ठेवा. शेजाऱ्यांच्या परसात बिमल्याचं, म्हणजे आंबट फळांचं, झाड असेल तर ओळख काढा, पावसात भाजीवालीपेक्षा ते झाड कामाला येईल.

आंबट कधी घालायचं, यावर अर्धं गणित अवलंबून आहे. डाळ किंवा कडधान्य पूर्ण मऊ शिजल्यावरच घाला. आंबटाबरोबर कडधान्य शिजवलं की त्याचं साल आणि दाणा नरम पडायला फार वेळ लागतो, कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा. "इथलं पाणीच असं" म्हणून नवीन माणसं पाण्याला दोष देतात, आणि दोष असतो आधी टाकलेल्या आमसुलाचा.

आता वाटप. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप तयार असलं की अर्ध्या तासाचं जेवण वीस मिनिटांवर येतं, नसलं की तासाभरावर जातं. रविवारी एका नारळाचं करून ठेवा. दोन मोठे कांदे उभे चिरून चमचाभर तेलात आधी एकटेच भाजा, चांगले तपकिरी होईपर्यंत. कांदा आणि खोबरं एकदम टाकलं की कांद्याच्या पाण्याने खोबरं शिजतं, भाजत नाही. कांदा बाजूला काढा, मग खवलेलं खोबरं मंद आचेवर बदामी करा. कढईच्या कडेला तेल दिसू लागलं आणि वास बदलला की थांबा. आणखी दोन मिनिटं ठेवलंत तर कडू होतं. शेवटी चमचाभर धणे, अर्धा चमचा बडीशेप, चार मिरी, दोन लवंगा त्याच गरम कढईत परतून घ्या. सगळं गार झाल्यावर शक्य तितक्या कमी पाण्यात वाटा आणि चार भाग करा. फ्रिजमध्ये चार दिवस सहज राहतं.

पण इथे पावसाळ्यात वीज जाते, कधी रात्रभर. म्हणून त्याबरोबर एक कोरडं वाटपही हवं: पाव किलो सुकं खोबरं किसून भाजलेलं, कुरकुरीत तळलेला कांदा, आणि तेच मसाले, पाण्याचा थेंब न लावता मिक्सरमधून काढून बाटलीत. पंधरा-वीस दिवस टिकतं. चव ओल्या वाटपासारखी नाही, ते कबूल. अडीअडचणीला उत्तम.

नारळ घ्यायचा तो असोला, म्हणजे सोडणासकट. बाजारातला सोललेला नारळ पावसाळी हवेत तीन आठवड्यांत नासू लागतो, आणि तोही शेंडी राखलेली असेल तर. असोला दोन-अडीच महिने खाटेखाली पडून राहतो. दोघांना आठवड्याला तीन नारळ धरा. सोलायला घरमालकांकडे सुळा, म्हणजे टोकदार लोखंडी पहार, असेलच, नसला तर शेजारच्या काकांना सांगा, ते सोलून देतील.

कडधान्यांकडे आता येते. पाच पुरेत: काळे वाटाणे, वाल, मूग, चवळी आणि कुळीथ. तूरडाळ आणि मूगडाळ वेगळ्या. बाकीची सहा यादीतून काढून टाका.

काळे वाटाणे दहा-बारा तास भिजायला लागतात. तुम्ही सकाळी आठच्या सुमारास घर सोडत असाल, साडेसहाला येता, म्हणजे हिशोब आपोआप जमतो. सकाळी डबे भरतानाच वाटीभर वाटाणे आणि चमचाभर मीठ पाण्यात घालून ठेवा. मिठाने साल मऊ शिजतं. आल्याबरोबर कुकर लावा. तोवर हात-पाय धुऊन कांदा चिरा, फोडणी, मालवणी मसाला, वाटपाचा एक भाग, आणि वाटाणे वरून. शेवटी दोन आमसुलं. घावनांबरोबर खा, नाहीतर भाताबरोबर. सोमवारी आमच्याकडे हेच असतं, आणि मासे खाणारे गिऱ्हाईकही कुरकुर करत नाहीत.

वाल चवीला माझे सगळ्यात लाडके, पण कामाच्या दिवशी त्यांच्या वाटेला जाऊ नका. रात्री भिजवा, दिवसभर बांधून मोड आणा, कोमट पाण्यात टाकून एकेक सोला. रायगडाकडे त्याचं बिरडं करतात, आपल्याकडे डाळिंब्यांची उसळ. शनिवारी दोघांनी बसून सोला, अर्ध्या फ्रिझरमध्ये टाका. पावसाळ्यात मोड फडक्यात बांधू नका, फडकं आंबूस होतं. चाळणीत पसरून वर ओलं फडकं टाका, हवा खेळती राहते.

आणि कुळीथ. अख्खा कुळीथ किलोभर पुरे, पण पिठी दोन किलो घ्या. कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून दळला की पिठी होते. घरगुती करणाऱ्या बायका आठवडा बाजारात बसतात, त्यांच्याकडची घ्या. रंग फिकट तपकिरी हवा, वास भाजक्या चण्यासारखा. काळसर असेल तर साल नीट निघालेलं नाही, तोंडात कचकच येते.

तुम्ही बेसनाचं पिठलं करता, त्याच हाताने कुळथाची पिठी करू नका, बिघडते. दोघांसाठी: तेलात मोहरी, हिंग, सात-आठ ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या. लसूण लालसर होऊ दे, पांढरी राहिली तर पिठीला जीव येत नाही. मग बारीक चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या, हळद. अडीच पेले पाणी, मीठ, चार आमसुलं, आणि चांगली उकळी. तोवर एका वाटीत तीन मोठे चमचे पिठी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवून घ्या. एका हाताने धार, दुसऱ्या हाताने ढवळणं. सुरुवातीला अगदी पाणचट दिसते. तरी पिठी वाढवू नका! पाच-सात मिनिटं रटरटली की ती आळते, आणि ताटात पडल्यावर आणखी आळते. पळीवरून सरसर वाहते आहे पण पळीला पातळ थर राहतो आहे, एवढ्यावर गॅस बंद. वर मूठभर ओलं खोबरं. एका बाजूला मऊ भात, भाजलेला पापड. फोडणीपासून ताटापर्यंत पंधरा मिनिटं, आणि ही वीज गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडातही होते, मिक्सर लागत नाही.

तांदूळ कोणता, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. दोन घ्या. रोजच्या भाताला इथला जाडसर, वाडा कोलमची चैन रविवारला. आणि दहा किलो उकडा, म्हणजे सालीसकट उकडून मग सडलेला. उकड्या तांदळाची पेज रात्री नुसत्या लोणच्याबरोबर पोटभर होते. आजारपणात तर दुसरं काही सुचतच नाही. जून ते सप्टेंबर दोघांना, दोन्ही वेळचा भात धरून, पंचवीस ते तीस किलो तांदूळ लागेल. गहू वीस किलो नको, पाच-पाच किलो दळून आणा. मंगळवेढ्याची ज्वारी बरोबर आणली असेल तर आधी तीच संपवा, इथल्या दमट हवेत ती आधी किडते. पीठ कुठलंही असो, पंधरा दिवसांपेक्षा जास्त दिवसांचं दळू नका. आंबोळीचं कोरडं पीठ मात्र दोन किलो चालेल: चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथी. रात्री भिजवलं की सकाळी आंबोळ्या. घावनाला तेवढंही लागत नाही, तांदळाचं पीठ, पाणी, मीठ आणि तापलेला बिडाचा तवा.

बाकीची मापं भराभर सांगते: काळे वाटाणे, वाल, मूग दोन-दोन किलो, चवळी एक, तूरडाळ पाच, मूगडाळ दोन. जाड आणि पातळ पोहे दोन-दोन किलो. मालवणी मसाला पाऊण किलो, गोडा मसाला पाव. तिरफळं मूठभर: काळी बी काढून टाकायची, टरफल पाण्यात जरासं ठेचून चवळी-भोपळ्यात घालायचं, वाटायचं नाही. वाटलं की सगळी भाजी औषधासारखी लागते.

आता साठवणीबद्दल, कारण इथे माणसं खरी फसतात. सोलापुरात तुम्ही डाळी कोपऱ्यात ठेवत असाल आणि वर्ष निघून जात असेल. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पापड दहा मिनिटांत सादळतो, मीठ पाझरतं, चपलांना बुरशी येते. कडधान्यांना मेच्या अखेरीपर्यंत दोन-तीन कडक उन्हं दाखवा. आणि मग, हे नीट वाचा, रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या. खानावळीच्या दुसऱ्या वर्षी मी दहा किलो वाल दुपारी उन्हातून उचलून तसेच ऊन ऊन डब्यात भरले आणि घट्ट झाकण लावलं. फार शहाणपण केलं असं वाटत होतं, ऊब आत राहील म्हणून. आषाढात झाकण उघडलं तर आतून थेंब लोंबत होते, वरचे दोन इंच वाल पांढरे झाले होते, आणि तो कुबट वास आठवडाभर गेला नाही. गरम धान्यातली वाफ आतच थिजते, तिला जायला जागा कुठे आहे?

डबे लहान घ्या. दहा किलोच्या एका डब्यापेक्षा दोन किलोचे पाच बरे, म्हणजे एक उघडला तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावा, कडधान्यात सुकवलेला कडुलिंब टाका. तांदळात बोरिक पावडर घालणारे बरेच आहेत. मी घालत नाही, आणि तुम्हीही घालू नका. पूर्वी घराघरात धान्य साठवायच्या कणग्या होत्या, वाल-कुळीथ राखेत घोळून ठेवायचे. राखेचा उपाय आजही चालतो, फक्त आता चूलच राहिली नाही.

भाजीचं म्हणाल तर मालवणच्या बाजारातली बरीचशी भाजी घाट उतरून येते, फोंड्याने नाहीतर करूळने. दरड कोसळली की दोन दिवस ट्रक येत नाहीत आणि कोथिंबिरीची जुडी सोन्याच्या भावाने जाते. म्हणून फ्रिजशिवाय राहणाऱ्या भाज्या घरात हव्यात: अख्खा लाल भोपळा, सूरण, रताळी. कांदे पाच किलोच आणा आणि पोत्यात ठेवू नका, पसरा किंवा टांगा. फणसाच्या आठळ्या धुऊन सावलीत वाळवा आणि कोरड्या वाळूत पुरून ठेवा. पाऊस लागला की पहिल्या पंधरवड्यात टाकळा ही रानभाजी येते, त्यात लसूण, कांदा आणि ठेचलेल्या आठळ्या घालून बघा. मग अळू, कुर्डू, भारंगी. भारंगी उकडून पिळल्याशिवाय करू नका, कडू असते, आणि तिच्यात भिजवलेले मूग घालतात. अळूला आमसूल किंवा चिंच हवीच, नाहीतर घसा खाजतो. रानभाजी स्वतः मात्र तोडायला जाऊ नका, बाजारात टोपली घेऊन बसलेल्या आजींकडून घ्या आणि कशी करायची तेही तिथेच विचारा. त्या दहा मिनिटं सांगत बसतात.

कोरड्या वस्तूंत मेतकूट, पोह्यांचे पापड, सांडगी मिरची आणि एक लोणचं एवढं असलं की झालं. मऊ भात, मेतकूट, तूप आणि तळलेली सांडगी मिरची, हे जेवण मी स्वतः आठवड्यातून दोनदा जेवते. खानावळ असूनही. पापड सादळले तर फेकू नका, तव्यावर किंवा कुकरच्या गरम झाकणावर पसरून ठेवा आणि मग तळा.

१ जूनपासून निदान दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणजे त्या दिवसांत मासे खाणाऱ्या घरांतही हेच डबे उघडतात आणि कडधान्यांचे भाव चढतात. तुमची खरेदी त्याआधी होऊ दे. सगळं एकाच रविवारी नको. या रविवारी रिकाम्या बरण्या घेऊन फक्त आंबटं आणा, पुढच्या रविवारी कडधान्यं, म्हणजे ऊन दाखवायला दिवस मिळतील. तांदूळ सर्वांत शेवटी, दुकानदार घरपोच देतो.

असोले नारळ मात्र आजच सांगून ठेवा. झाडं एकदा निसरडी झाली की नारळ पाडणारा गडी तुम्ही दुप्पट पैसे दिलेत तरी वर चढत नाही.